संस्कृतात शंभर, संस्कृताविना

दहावीला संस्कृत घेतलंत? उत्तम. पैकीच्या पैकी मिळतात म्हणून घेतलंत हे सांगायला लाजू नका, घरात दुसरं कारण कोणी विचारलेलंही नसतं. पूर्ण संस्कृत म्हणजे लेखी ८० आणि बाकीचे २०. हिंदीच्या निबंधाला पुरते मार्क देताना परीक्षकाचा हात थरथरतो. इथे रूप बरोबर तरी असतं नाहीतर चूक तरी. तेव्हा सांभाळायचं एवढंच, की मार्क जमा होत असताना भाषा डोक्यात शिरू नये. ती चिवट असते. दार जरा किलकिलं राहिलं तरी आत येऊन बसते.

सुरुवात 'देव'पासून. ८ विभक्ती, ३ वचनं, २४ घरं. देवः देवौ देवाः, देवम् देवौ देवान्, असं आडवं म्हणत चला. डोळे मिटून, चालीवर, पुढेमागे झुलत. तक्ता उघड्या डोळ्यांनी उभा मात्र पाहू नका. द्विवचनाच्या ८ घरांत देवौ, देवाभ्याम्, देवयोः अशी तीनच बिऱ्हाडं राहतात, हे दिसेल. अनेकवचनात सहा. म्हणजे २४ घरांत वेगळी रूपं १७च. हे कळलं तर सात घरांचं पाठांतर वाचेल, आणि रिकामा वेळ विद्यार्थ्याला वाईट सवयी लावतो.

'देवेन' पाठ झालं की त्याच साच्यात राम घाला आणि बिनधास्त 'रामेन' लिहा. मार्क जाईल. मग वहीत लाल शाईने 'रामेण (अपवाद)' अशी नोंद करा. पुढे नरेण, मृगेण, वृक्षेण भेटतील, त्यांनाही अपवादांत ढकला. एकाच शब्दात र, ष किंवा ऋ आधी आला आणि मध्ये स्वर, कवर्ग, पवर्ग, ह, य, व सोडून कोणी आडवं आलं नाही, तर शब्दाच्या अगदी टोकाला नसलेल्या न चा ण होतो. 'रथेन'मध्ये थ आडवा येतो, 'अर्जुनेन'मध्ये ज, म्हणून तिथे न तसाच राहतो, असं मागच्या बाकावरचं कोणी कुजबुजलंच तर सरळ जागा बदला. एका ओळीच्या नियमासाठी पानभर अपवाद गमवायचे नसतात.

उताऱ्यावरचे प्रश्न तर बोटानेच सुटतात. 'सिंहः कुत्र अवसत्?' असं आलं की 'सिंहः' उताऱ्यात शोधायचा, ते वाक्य उचलून उत्तरात ठेवायचं. सिंह म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी मार्क मिळतो. गाडी अडते ती संधीपाशी. उताऱ्यात छापलेलं असतं 'वने सिंहोऽवसत्', आणि तुम्ही 'सिंहः' आणि 'अवसत्' दोघांनाही शोधत घंटा होईपर्यंत पान उलटत बसता. विसर्गाचा ओ झाला, पुढचा अ अवग्रहात (ऽ या खुणेत) लपला, एवढंच ते. पण संधी हा वेगळ्या प्रश्नाचा विषय आहे, तो उताऱ्यात कशाला वापरायचा?

सुभाषितांचं 'माध्यमभाषया', म्हणजे आपल्या मराठीतलं, उत्तर सर्वांत सोपं. 'या सुभाषितातून कवी आपल्याला ______चे महत्त्व पटवून देतो' हे वाक्य तयार ठेवा. मोकळ्या जागेत विद्या, उद्योग, परोपकार किंवा सत्संगती. चारांपैकी एक लागतंच. खुद्द कवीने दुर्जनाची टिंगल केली असेल तर हसू नका. हसण्याला मार्क नाहीत.

आता खरा धोका: तुम्ही मराठी बोलता. 'रामाने पोळी खाल्ली, मोदक खाल्ला, फळ खाल्लं.' क्रियापद रामाला विचारतच नाही, खाल्लेल्या वस्तूमागे जातं. संस्कृतात 'रामेण फलं खादितम्', मोदक आला की 'मोदकः खादितः'. शिंगं तीच, गाय तीच. पुस्तकात हिचं नाव क.भू.धा.वि. एवढंच लक्षात ठेवा. त्याचा विस्तार 'कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण' असा करून वाचलात, तर तीन वर्षांचे असल्यापासून आपण हेच बोलतोय असा संशय येईल, आणि मग मराठीच्या तासालाही शांत बसवणार नाही.

मराठी आणि संस्कृत यांची गाठ पडू न देण्याचा हुकमी उपाय म्हणजे ऱ्हस्वदीर्घ. मराठीत सुटा 'कवी' दीर्घ, म्हणून संस्कृतच्या पेपरात 'कवीः' लिहून अर्धा मार्क घालवा. मूळ शब्द 'कवि' आहे, शेवटचा इकार मराठीने आपल्या नियमाने लांबवला, समासात पहिला आला की तो पुन्हा ऱ्हस्व होतो, यात खोल जाऊ नका. चिंतामणराव देशमुखांचंच बघा. १९१२ साली मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले, तरी मेघदूत मराठीत आणल्याशिवाय राहवलं नाही. मार्क मिळाल्यावर भाषा वेळेत सोडली नाही की असं होतं.

तुम्ही निकालाच्या दिवशीच गाइड रद्दीत घाला. पुढे कधीतरी गावात 'कविसंमेलन' असा फलक लागेल. वि ऱ्हस्व काढला म्हणून त्याचा फोटो काढा आणि 'हल्ली कोणाला शुद्धलेखनच येत नाही' असं लिहून घरच्या ग्रुपवर टाका.