घरातला साडेपाचवा मेंबर

आधीच एक कबुली देऊन टाकतो. मला बर्म्युडा म्हणजे अर्धी चड्डी, एवढंच माहीत होतं. त्यामुळे उरुळी कांचनच्या एका नर्सरीत तिथला माणूस मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत "साहेब, तुम्हाला बर्म्युडा चांगलं राहील" म्हणाला तेव्हा मी नकळत पोट आत घेतलं. मग कळलं की ते गवताचं नाव आहे, पट्ट्यांमधे मिळतं, मातीसकट, चटईसारखं गुंडाळून टेम्पोत टाकायचं आणि घरी येऊन पसरायचं.

आमचं रो हाऊस पुण्यात मांजरी गावाच्या बाजूला. पुढे साधारण ४०० स्क्वेअर फूट मोकळी जागा. बिल्डर तिथे पेव्हर ब्लॉक टाकून देत होता, फुकट. बायको हो म्हणाली, मुलगी हो म्हणाली, मीच नको म्हणालो कारण माझ्या डोक्यात एक चित्र होतं: सकाळची वेळ, हिरवळ, वेताची खुर्ची, चहा, पेपर आणि अनवाणी पाय. आज तिसरा उन्हाळा चालू आहे आणि त्या हिरवळीवर मी आजवर दोनदा बसलोय, त्यातला एकदा तर पाइप सांधायला.

नोव्हेंबरात लॉन पसरलं, मजुरी-खत-माती सगळं धरून वीस हजाराच्या वर गेले. हिवाळाभर काय दिसत होतं म्हणून सांगू! फोटो टाकले, नातेवाइकांनी अंगठे दिले. एका मावशींनी "लॉन घेतलंस म्हणे, किती पानं बसतात?" असंही विचारलं, कारण पुण्यात लॉन म्हटलं की माणसाला आधी मंगल कार्यालयच आठवतं, त्यांचा काही दोष नाही.

मार्चमधे अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील, श्रीगोंदा तालुक्यात ऊस करतात. दरवर्षी उन्हाळ्यात महिना-दोन महिने आमच्याकडे असतात. रिक्षातून उतरले, पिशवी तिथेच ठेवली, वाकले, एक काडी उपटली, डोळ्यांजवळ धरली.

"आरं, ही तर हरळी हाय."

"नाही अण्णा, बर्म्युडा आहे."

"कोण मुडा?"

मी घरात जाऊन गुपचूप मोबाइलवर बघितलं. बर्म्युडा गवताचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. हरळीचं शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतो त्या दूर्वांचंही तेच. नर्सरीवाले सांगतील की आमची जात निवडक आहे, पान बारीक आहे, वाढ दाट आहे, आणि ते खरंही आहे, पण कूळ एकच हो! ज्या हरळीपायी अण्णांनी उभं आयुष्य उन्हाळी नांगरट केली, ढेकळं उन्हात तापवली, काशा, म्हणजे तिची जमिनीखालची गाठाळ खोडं, वेचून बांधावर जाळल्या (शाळेच्या सुट्टीत पाटी घेऊन मागे मागे वेचायला मीच असायचो, गाठीची एक काशी राहिली तरी पावसात पुन्हा हजर), तीच हरळी मी वीस हजार मोजून, टेम्पोभाडं देऊन, पावती घेऊन दारात आणून लावली होती.

अण्णा रागावले नाहीत. नुसते म्हणाले, "मला फोन करायचा, आपल्या बांधावरची टरकभर दिली आसती, वर भाडं मीच दिलं आसतं." आणि आत जाऊन झोपले.

मला वाटलं, चला, हरळी तर हरळी, म्हणजे मरायची तरी नाही. इथेच चुकलो. जी हरळी शेतात मारून मरत नाही ती अंगणात लाडाने वाढवली की नाजूक होते, दुपारी साडेबाराला माना टाकते, पान दुमडतं, रंग निळसर-राखी पडतो आणि वरून चाललं तर पावलांचे ठसे उमटून तसेच राहतात. ठसे राहिले म्हणजे तहान लागली असं समजायचं, हे मला नंतर कळलं. आधी वाटलं चोर येऊन गेला.

आता पाण्याचं. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आमचं ४०० स्क्वेअर फूट म्हणजे ३७ चौरस मीटर. उन्हाळ्यात रोजचे ५ मिलिमीटर तरी धरा, झाले १८५ लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे माझं लॉन हे जवळपास दीड माणूस आहे. आम्ही चौघं आणि हे दीड. बरं, घरातल्या कुठल्याही माणसाला रोज अंघोळ घातलीच पाहिजे असं नसतं, बारावीच्या सुट्टीत आमची कन्या हे सप्रमाण सिद्ध करते आहे, पण ह्या दीड माणसाला सुट्टी नाही.

एप्रिलमधे पारा चाळिशीच्या पुढे गेला आणि पाणी एक दिवसाआड झालं. सोसायटीत टँकर ठरला, वर्गणी माणशी. सेक्रेटरींनी ग्रुपवर विचारलं, कोणाकडे किती मेंबर? मी प्रामाणिकपणे ४ लिहिलं. खाली लगेच समोरच्या बंगलेवाल्यांचा मेसेज, "आणि लॉन?" मागे हसणारे तोंडवाले अकरा जण. त्या दिवसापासून मी पाइप उघड्यावर काढला नाही.

मग सुरू झालं बादली पर्व. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं लॉनला. आरओचं वाया जाणारं पाणी पण घातलं, मग कुठेतरी वाचलं की त्यात क्षार जास्त असतात आणि सतत घातलं तर जमीन खारटते, ते बंद करून फरशीला लावलं. शेवटी शेजारणीच्या एसीवर नजर गेली. "काकू, तुमच्या एसीचं पाणी घेऊ का?" हे वाक्य बोलताना माणसाच्या आवाजात जी नम्रता येते ती मी होम लोनच्या वेळी बँकेतही आणली नव्हती. काकूंनी परवानगी दिली. पण आपल्याकडची एप्रिलची हवा इतकी कोरडी, त्यात ओलावाच नाही तर एसी पिळून काढणार काय! रात्रभरात अर्धी बादली. ती घेऊन मी सकाळी सव्वासहाला, उन्हं यायच्या आत, बर्म्युडा घालून बर्म्युडावर उभा.

लोक म्हणतात लॉन ही सगळी इंग्रज साहेबाची हौस. असेल. पण गंमत बघा, लंडनला वर्षाचा पाऊस ६०० मिलिमीटरच्या आसपास, पुण्याला ७०० च्या वर. म्हणजे पाऊस आपल्यालाच जास्त! फक्त साहेबाकडे तो बारा महिने हप्त्याहप्त्याने येतो आणि आपल्याकडे चार महिन्यांत एकरकमी.

कापायचा एक किस्सा आहे, तो थोडक्यात उरकतो कारण अजून दुखतो. ढकलायचं मशीन सेकंडहँड मिळालं. मी विचार केला, पाणी कमी आहे तर गवत बारीक करू, पान कमी तर तहान कमी. न्हाव्याकडचा झिरो कट मारला. हिरवं सगळं पिशवीत गेलं आणि खाली पिवळ्या काड्यांचा सांगाडा राहिला, जणू कोणी घराची वायरिंग उघडी केलीय. खरं तर उन्हाळ्यात उलटं करायचं असतं, गवत दीड-दोन इंच उंच ठेवायचं म्हणजे पानं आपल्याच मुळांवर सावली धरतात, आणि एका वेळी उंचीच्या एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. हे मला आता पाठ आहे. अण्णा तेव्हा म्हणाले, "बैल आजारी पडला म्हणून त्याचं कातडं काढीत नाय कुनी."

सांगाडा झाकायचा म्हणून युरिया. आता युरियाची गोणी येते ४५ किलोची, मला ४५ किलो कशाला, एका ओळखीच्याकडून डबाभर आणला. अण्णांना विचारलं, किती टाकू? पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "मूठमूठ टाक." आता मूठमूठ म्हणजे एका वाफ्याला मूठ की एका ढांगेला मूठ, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. रविवार, दुपारी एक, कोरडं लॉन, पेरणी करणाऱ्या शेतकऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर आणून मी हात फिरवत फिरवत फेकत गेलो. एवढ्या जागेला चारशे ग्रॅम पुरला असता, मी दोन किलो संपवला. वर तो नळाला पाणी नसलेला दिवस.

बुधवारी नक्षी उमटली. प्रत्येक मुठीचा एक अर्धगोल, करपून तांबूस झालेला, एकाला लागून दुसरा, अगदी रांगोळीच्या किनारीसारखा. मुलीने गच्चीतून फोटो काढून स्टेटसला टाकला, "आमच्याकडे एलियन उतरले होते."

त्यात समोरच्यांचा लॅब्रॅडॉर. फाटक उघडं दिसलं की येतो आणि एकाच कोपऱ्यात उरकतो. तिथे मधे गोल करपलेलं आणि त्याभोवती गर्द हिरवं कडं. मी तक्रार करायला निघालो तर अण्णांनी थांबवलं, निरखून बघितलं आणि म्हणाले, "ह्यो बी युरियाच. पन कडंनं बघ कसं फोफावलंय. कुत्र्याला तुझ्यापरीस हिसाब कळतो." मी तक्रार केली नाही. कुठल्या तोंडाने करणार!

तरी काही ठिपके असे होते जे ना माझ्या मुठीत बसत होते ना कुत्र्यात. मी नेटवर शोधलं, निदान झालं: हुमणी, म्हणजे मातीतली अळी. मुळं खाते, मग गवत सतरंजीसारखं हातात उचलून येतं. रात्री दहाला टॉर्च घेऊन मी खुरप्याने उकरत बसलो. वॉचमन येऊन बघून गेला, काही बोलला नाही, त्याने अंगणात पुरणारे लोक बघितले असावेत. अण्णा मात्र पायरीवर बसून मनसोक्त हसले, मार्चपासून पहिल्यांदाच.

"आत्ता कुटली आलीय हुमणी? वळीव पडूं दे. मंग भुंगेरं निघत्यात जमिनीतून, दिवस मावळला की लिंबावर, बाभळीवर जाऊन बसत्यात, पाला खात्यात, आन् परत मातीत येऊन अंडी घालत्यात. त्याची हुमणी व्हते, ती पावसाळाभर मुळ्या खाती. ह्ये तुझं नुसतं उन्हानं मेलंय."

दोन वर्षांपूर्वी ह्याच किड्याने त्यांचा एकरभर ऊस बसवला होता. हे ते सांगत नव्हते, पण मला माहीत होतं. मी खुरपं ठेवलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वळीव आला. संध्याकाळी साडेपाचला आभाळ भरलं, वीस-पंचवीस मिनिटं झोडपलं, लाइट गेले, अंगणात पाणी साचलं, ते जिरायच्या आत मी दीड माणसाच्या अंघोळीचा हिशोब मनात करून टाकला. तिसऱ्या दिवशी करपलेल्या अर्धगोलांमधून टाचणीएवढे कोंब. चौथ्या दिवशी संध्याकाळी पोर्चच्या ट्यूबवर टप टप आवाज यायला लागले. तपकिरी, शेंगदाण्याएवढे किडे, ट्यूबवर आपटून खाली पडत होते. मी चप्पल घेतली.

"चप्पल ठेव," अण्णा म्हणाले, "बादली आन. रॉकेल हाय का?"

"अण्णा, रॉकेल आता कुठे मिळतं इथे?"

बायकोने भांड्याचं लिक्विड दिलं. अण्णांनी बादलीभर पाण्यात ते ढवळलं, बादली बरोबर ट्यूबच्या खाली सरकवली आणि घरातले बाकीचे सगळे लाइट बंद करायला लावले. आम्ही चौघं अंधारात बसलो, किडे बादलीत. मग त्यांना सोसायटीच्या गेटजवळचा कडुनिंब आठवला. साडेआठच्या सुमाराला माझे बहात्तर वर्षांचे वडील वॉचमनची काठी घेऊन फांद्या हलवत होते, वॉचमन खाली बेडशीट धरून उभा होता आणि मी टॉर्च.

परत आल्यावर त्यांनी पायरीवर बसून गावाकडे चुलत्यांना फोन लावला. "हितं बी निघालेत. तुमी झाडं हलवली का?... न्हाय, न्हाय, ऊस कुटला हितं. हरळी हाय." थोडा वेळ पलीकडचं हसणं ऐकलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "न्हाय, उपटायची नाय. राखायचीय. आता काय सांगू तुला... चांगली हाय पन. बारीक पानाची हाय."