खुलासा : आजी शेंगा का फोडतात?
‘कोल्हापुरातल्या वृद्धाश्रमात आजींना शेंगा फोडायला लावून राबवून घेतात,’ असा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरतोय. मी तिथली ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजच्या कामांतून उपचार करणारी. शेंगांची पाटी मीच पुढं ठेवते. आजींना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. लेकीचं नाव आठवत नाही, पण अंगठ्यानं शेंग दाबायची सवय हातात आहे. नको वाटलं की उठतात. निम्मे दाणे तर त्याच खातात! आजार यानं बरा होत नाही, दिवस मात्र शांत जातो.

त्याच मेसेजात ‘वय झालं की बरळणारच’ असंही आहे. ते घातक. एक-दोन दिवसांत अचानक भान हरपलं तर डिलिरियम (मेंदूचा गोंधळ उडणं) असू शकतो. त्याची कारणं: लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवीन औषध. तेव्हा शेंगा बाजूला, आधी डॉक्टर.