पदनामात ‘मॅनेजर’ लिहिलं म्हणून ओव्हरटाइम बुडत नाही

‘महिना पगार घेणाऱ्याला ओव्हरटाइम नसतो. त्यात पदनाम मॅनेजर असेल, पगार १८ हजारांच्या वर असेल आणि नेमणूकपत्रावर सही केलेली असेल, तर कामगार कायदे विसरा.’ जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या तरी या अर्थाचा मजकूर ग्रुपांवर फिरायचा थांबलेला नाही. यात खऱ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटतो. एकेक दावा तपासू.

महिना पगाराचा मुद्दा दोन मिनिटांत निकालात निघतो. पगार तासावर, रोजावर की महिन्याला, हे ओव्हरटाइम कोणाला ते ठरवणारी कायद्यातली ‘कामगारा’ची व्याख्या विचारतच नाही. ती विचारते काम कसलं: अंगमेहनतीचं, कुशल, तांत्रिक, कारकुनी, देखरेखीचं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हेच होतं, नव्या संहितांतही हेच आहे. जादा तासांचा दर दुप्पट. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६ हजार असतील तर २६ दिवस आणि ८ तासांनी भागून तासाचे १२५ रुपये येतात, ओव्हरटाइमचे २५०. महिन्यात वीस तास जादा बसवलं तर पाच हजार. ‘जरा थांबशील का आज’ची किंमत ही आहे.

खरी मेख पदनामात आहे. एखाद्या दुकानातला ‘असिस्टंट स्टोअर मॅनेजर’ घ्या. सकाळी शटर उघडतो, बिलिंगला बसतो, माल उतरवून घेतो, रात्री गल्ला जुळवतो. हाताखालच्या पोराने सुट्टी मागितली की एरिया मॅनेजरला मेसेज टाकतो आणि उत्तराची वाट पाहतो. एका दिवसाची रजा स्वतःच्या अधिकारात देता येत नाही तो कसला व्यवस्थापक? अशा ठिकाणी मुख्य आणि मूळ काम कोणतं ते पाहायचं, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सिबा गायगी प्रकरणात वापरली. १९८८ मध्ये नॅशनल इंजिनिअरिंगच्या अंतर्गत लेखापरीक्षकाबाबत न्यायालय म्हणालं की, तपासून अहवाल देणं म्हणजे देखरेख नव्हे. तो कामगारच ठरला.

पण ही कसोटी दोन्ही बाजूंनी कापते. १९९४ च्या कॅरोना साहू प्रकरणातही न्यायालयाने पदनामाला फारसं महत्त्व दिलं नाही, आणि तरीही निकाल कर्मचाऱ्याच्या विरोधात गेला. दुकानाचा कारभार खरोखरच त्याच्या ताब्यात होता. त्यामुळे ‘पदनाम खोटं असतं, सगळेच कामगार’ हा उलटा फॉरवर्डही तितकाच फसवा. त्याच वर्षी सँडोज प्रकरणात घटनापीठाने सांगितलं, की व्याख्येत दिलेल्या कामांपैकी एखाद्या प्रकारात बसावंच लागतं. औषध कंपन्यांचे विक्री प्रतिनिधी त्या व्याख्येत बसले नाहीत. सॉफ्टवेअरवाल्यांचं काम ‘तांत्रिक’ की आणखी काही, हा वाद तर प्रकरणागणिक लढवावा लागतो.

महाराष्ट्रातल्या दुकाने व आस्थापनांसाठी २०१७ चा कायदा आहे. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या जागांवरची माणसं त्यातून वगळली आहेत खरी. मात्र अशा लोकांची यादी आस्थापनेने आपल्या संकेतस्थळावर, संकेतस्थळ नसेल तर आवारात ठळक जागी लावायची आणि तिची प्रत सुविधाकाराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या तपासणी अधिकाऱ्याकडे पाठवायची, असं त्याच कलमात आहे. तुमच्या कंपनीची ही यादी तुम्ही कधी पाहिली आहे? विचारून बघा. समोरच्याच्या चेहऱ्यावरून बरंच कळेल.

१८ हजारांची मर्यादा खरी आहे, पण ती फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना लागते. औद्योगिक संबंध संहितेत आणि कामाच्या सुरक्षिततेच्या संहितेत ती १८ हजार आहे, वेतन संहितेत १५ हजार. तांत्रिक किंवा कारकुनी कामाला पगाराची वरची मर्यादाच नाही; महिना ७० हजार घेणारा मशीन ऑपरेटरही कामगारच. काही मेसेजमध्ये २१ हजारांचा आकडा येतो. तो ईएसआयसीचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा; ओव्हरटाइमशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

राहिली सही. ‘गरजेनुसार जादा वेळ थांबावे लागेल, वेगळा मोबदला नाही’ हे कलम नेमणूकपत्रात सर्रास असतं. वेतन संहितेखाली देय असलेल्या रकमेवरचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरतो, असं ती संहिताच सांगते. सुरक्षिततेच्या संहितेत तर ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते.

आणि जो खरंच मॅनेजर आहे, तोही उघड्यावर पडत नाही. वेतन संहितेच्या ‘कर्मचारी’ व्याख्येत व्यवस्थापकीय आणि प्रशासकीय माणसंही येतात. महिना पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब, हे त्यालाही लागू. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ ही कंपनीची पद्धत असेल, कायदा नाही.

दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पंचिंगच्या नोंदी, रजा कोणी मंजूर केली ते ईमेल, रात्री दहाला आलेले कामाचे मेसेज आताच स्वतःकडे उतरवून ठेवा. राजीनाम्याच्या दिवशी लॉगिन सगळ्यात आधी बंद होतं.