लेथचा जाम चक आणि ‘पाच मिनिटांत सुटेल’ ही थाप

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय: ‘जुन्या लेथचा जाम झालेला चक पाच मिनिटांत सोडवा.’ चक म्हणजे कापायचा तुकडा धरणारी पकड; जुन्या छोट्या लेथवर ती स्पिंडल या फिरत्या दांड्यावर आट्यांनी बसते. मेसेजात सहा उपाय आहेत. बॅकगिअर (वेग मंद करणारी गिअरची जोडी) अडकवून स्पिंडल लॉक करा आणि पहार लावून घणानं हाणा. ब्रेक क्लीनर मारून लगेच गॅसनं तापवा. लालभडक करून थंड पाणी ओता. रात्रभर कोला घालून ठेवा. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून सोडा. नाहीतर चकाखाली लाकूड घालून मोटर उलटी फिरवा. जुन्या बाजारातून छोटा लेथ आणलेल्या माझ्या भाच्यानं तो मेसेज मला पाठवला आणि विचारलं, ‘मामा, आज करून टाकू का?’ नको करूस. आणि हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनीही आधी हे वाचावं.

आधी जिवावर बेतणारा उपाय. काही ब्रेक क्लीनरमध्ये टेट्राक्लोरोइथिलीन असतं. डब्यावर ते परक्लोरोइथिलीन या नावानंही छापलेलं असतं. ते सहजी पेटत नाही, म्हणून ज्योत लावायला हरकत नाही असं लोकांना वाटतं. हरकत तिथंच आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून रसायनांची सुरक्षा कार्डं काढतात. त्यातल्या या द्रवाच्या कार्डावर स्वच्छ लिहिलंय की तापलेला पृष्ठभाग किंवा ज्योत लागली की त्याचं विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड, फॉस्जीन आणि क्लोरीन तयार होतं. फॉस्जीन म्हणजे पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या सैनिकांवर सोडलेला विषारी वायू. अमेरिकेत कामाच्या जागी त्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत ०.१ भाग आहे. २ भाग झाले की जिवाला तत्काळ धोका मानतात. ओल्या, कुबट गवतासारखा वास येतो, पण तो नाकाला कळेपर्यंत मर्यादा ओलांडून गेलेली असते. पहिल्यांदा थोडा खोकला येतो, डोळे चुरचुरतात, मग बरं वाटतं. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसांत पाणी भरू लागतं. कुणी हा प्रयोग करून बसलं असेल तर बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना काय जाळलं ते डब्यासकट दाखवा.

क्लोरीनचं संयुग नसलेले ब्रेक क्लीनरही मिळतात, हे मान्य. पण त्यांत हेप्टेन, अ‍ॅसिटोन, अल्कोहोल असले द्रव असतात आणि ते भडकन पेटतात. शिवाय ब्रेक क्लीनरचं कामच मुळी तेल-ग्रीस धुऊन काढायचं. जाम आट्यांत तेल पोचवायचं असताना हा पठ्ठ्या असलेलं तेलही काढून टाकायला सांगतोय!

बॅकगिअरचा उपाय लेथच्याच मुळावर येतो, आणि नेमका हाच सगळ्यात जास्त लोक करतात. इंग्लंडच्या मायफर्ड एमएल७ सारख्या छोट्या लेथवर थेट वेगात चालताना पुली आणि बुलगिअर (स्पिंडलवरचा मोठा गिअर) चावीनं जोडलेले असतात आणि बॅकगिअर बाजूला असतो. दोन्ही एकदम गुंतवले की स्पिंडल हलत नाही, इतपत खरं. पण मग सगळा भार बुलगिअरच्या एक-दोन दातांवर येतो, आणि दात बिडाचे. हिशेब करून पाहा: ६०० मिमी लांब पहारेच्या टोकाला ४० किलोचा जोर लावला आणि बुलगिअरची त्रिज्या ६० मिमी धरली, तर दातावर ४०० किलो. हा झाला नुसता दाब. घणाचा फटका याच्या कितीतरी पट असतो, आणि बीड फटका सोसत नाही. दात उडाले तरी लेथ थेट वेगात चालत राहतो, म्हणून बरेच दिवस कळत नाही. आटे पाडायला मंद वेग हवा झाला की खटखट सुरू होते. जुन्या मशीनचा असा गिअर तयार मिळणं मुश्किल. मग दाताच्या जागी खाच पाडून पितळी तुकडा बसवा, कानशीनं आकार द्या, नाहीतर नवा गिअर कापून घ्या. जुना लेथ विकत घेताना बुलगिअर हातानं पूर्ण एक फेरा फिरवून दात तपासतात ते याचसाठी.

स्पिंडल धरायचंच असेल तर दातांना न शिवता धरा. बॅकगिअर बाहेर, पुली-बुलगिअरची चावी आत, आणि पुलीच्या सगळ्यात मोठ्या पायरीवर कडक लाकडाच्या दोन अर्धगोल ठोकळ्यांचा शिकंजा, आतून चामडं लावून, दोन बोल्टनी आवळलेला. त्याचा लांब दांडा बेंचवर टेकवा.

त्याही आधी मेसेजात नसलेल्या दोन गोष्टी बघा. एक, चक आट्यांचाच आहे ना? कॅमलॉकचा, म्हणजे आट्यांऐवजी कॅमनी अडकवलेला, असेल तर चावीनं कॅम फिरवायचे असतात, तिथं हाणामारीचा संबंधच नाही. दोन, बॅकप्लेटच्या (चक ज्या बिडाच्या प्लेटवर बोल्टनी बसतो तिच्या) कडेला लपलेला ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) आहे का? तो सैल केल्याशिवाय कितीही जोर लावा.

तेल कुठून सोडायचं हेही मेसेज सांगत नाही. बॅकप्लेट मागच्या बाजूनं स्पिंडलच्या खांद्यावर घट्ट टेकलेली असते, तिथून तेल आत जात नाही. चकाच्या तोंडातून, स्पिंडलचं टोक दिसतं तिथून सोडा. पेनिट्रेटिंग ऑइलमध्ये भिजवलेली चिंधी कोंबून दोन-तीन दिवस राहू द्या, रोज पुन्हा भिजवा. मग चक बॅकप्लेटवरून बोल्ट काढून वेगळा करा. हे केलं की निम्मं काम झालं. चकाला ना फटका ना आच, आणि समोर फक्त बिडाची प्लेट उरते. त्याच बोल्टच्या दोन भोकांत ४० × १० मिमीची, ६०० मिमी लांब लोखंडी पट्टी आवळा. पट्टीचं टोक आपल्याकडे ठेवून खाली दाबा; उजव्या आट्यांची प्लेट त्याच दिशेनं सुटते. दाब कायम ठेवून तांब्याच्या हातोडीनं पट्टीवर लहान लहान ठोके द्या.

तापवण्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. पण बीड पोलादापेक्षा जास्त फुगत नाही, किंचित कमीच. दोन्ही सारखे तापले तर काहीच मिळत नाही. प्लेट गरम आणि स्पिंडल गार, हा फरकच कामाचा. एमएल७ च्या स्पिंडलचं नाक, म्हणजे आट्यांचं टोक, एक इंच एक सूत, म्हणजे २८.६ मिमी. फरक ६० अंशांचा मिळाला तर भोक साधारण ०.०२ मिमी मोठं होतं, आणि बहुतेकदा तेवढं पुरतं. त्यासाठी हॉट एअर गन बास. स्पिंडलच्या पोकळीत बर्फाच्या पाण्यात भिजवलेला कपडा ठेवा, प्लेटची कड झटपट तापवा, पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की थांबून पट्टी दाबा. मात्र तेलाच्या चिंध्या आणि पेटणारे द्रव आधी दूर, प्लेटही पुसून कोरडी. लालभडक केलंत तर शेजारच्या बेअरिंगचं काय? जुन्या एमएल७ मध्ये ती व्हाइट मेटल या मऊ मिश्रधातूची असतात आणि तो धातू अडीचशे अंशांच्या आतबाहेर पाघळू लागतो. वर गार पाणी ओतलं की तापलेलं बीड तडकलंच समजा.

कोलात थोडं फॉस्फरिक आम्ल असतं, बाकी साखरेचं पाणी. खांद्याच्या आत ते पोचत नाही आणि बाहेर नवा गंज चढवतं. एटीएफ-अ‍ॅसिटोन चालतं, पण दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत, म्हणून दर वेळी हलवून घ्यावं लागतं. अ‍ॅसिटोन रंग खातं आणि ठिणगीला टपलेलं असतं. ते वापरलंत तर त्या दिवशी हॉट एअर गनला हात लावू नका.

मोटर उलटी फिरवायची तर अजिबात नाही. सुटलेला चक आटे सोडून बेडवर (लेथच्या खालच्या लांब पायावर) पडतो, नाहीतर हातावर. मात्र हीच युक्ती हातानं चांगली चालते, आणि चक प्लेटवरून काढण्याआधी एकदा करून बघावी. मेन स्विच बंद, पट्टा उतरवलेला, बेडच्या मागच्या बाजूवर आडवा ठोकळा. बेडला चकाखाली गॅप (खाच) असेल तर ठोकळा गॅपच्या दोन्ही कडांवर टेकेल एवढा लांब घ्या. चक हातानं उलट्या दिशेनं झटक्यात फिरवून चकाचा जॉ (जबडा) ठोकळ्यावर आपटू द्या. खाली फळी ठेवलेली असू द्या.

सुटल्यावर आटे पितळी ब्रशनं घासा, खांदा आणि प्लेटचं तोंड पुसून बोटानं चाचपा. तिथं अडकलेली एखादी चीप (कापताना निघालेला धातूचा कीस) हेच बहुतेकदा चक जाम होण्याचं कारण असतं. तेलाचा एक थेंब लावून हातानं शेवटपर्यंत फिरवा. मोटरच्या झटक्यानं चक कधीही बसवू नका.