आधी घासायचं, मग विकायला काढायचं!

जुना दागिना विकायचा ठरला की लोकांचा हात पहिला पॉलिशकडेच का जातो? अहो, खाचांमधला तो काळपटपणा म्हणजे मळ नव्हे, त्याचेच पैसे मिळतात! बफिंगच्या, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर धरला की नक्षीच्या कडा गोल होतात, शुद्धतेचा छाप पुसट होतो आणि उरतं ते फक्त मोडीचं सोनं.

त्याहून वाईट म्हणजे पाण्यात बुडवणं. मागून बंद कोंदणात खड्याखाली बहुतेकदा चमकीचा पातळ पत्रा असतो. पाणी आत शिरलं की तो काळा पडतो, खडा कायमचा मेल्यासारखा दिसतो. दागिने साफ करायच्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये पाचू टाकला तर भेगा झाकायला भरलेलं तेल निघून जातं आणि लपलेल्या भेगा उघड्या पडतात. मोती, ओपल यांचं तर नावच काढू नका. कोरडा मऊ ब्रश फिरवा, बस्स.

आणि फोटो! समोरून एकच, तोही फ्लॅश मारून. जाणकार आधी मागची बाजू बघतो: फासा (दागिना अडकवायची कडी) मूळचा की बदललेला, सांध्यावर शिशाच्या डाकाचा (जोडायला वितळवून लावलेल्या धातूचा) करडा ठिपका आहे का. असला डाक काढल्याशिवाय तापवलं तर शिसं सोन्यात उतरून त्याला खातं. दहापट भिंगातून ७५० किंवा ९१६ हा छापातला आकडा वाचा, पण एवढ्यावर वय ठरवू नका. हा आकडा शुद्धता सांगतो, जन्मसाल नाही. वर्णनात मात्र बिनधास्त ‘शंभर वर्षं जुना’, आणि मागे कालपरवाचा चकचकीत स्प्रिंगचा फासा!