पोट भरलेल्यांचं नाटक म्हणे

दुपारपासून डोकं तडकलंय. आत्ता घरातले झोपले म्हणून लिहायला बसलो. पोस्ट लांबणार आहे. कंटाळा आला तर पुढं सरका, राग नाही.

आज परभणीत एकांकिका बघायला गेलो होतो. कॉलेजच्या पोरांनी एक बिनगोष्टीची एकांकिका केली, ॲब्सर्ड म्हणतात तसली, जगण्यात अर्थ सापडत नाही हे दाखवणारी. चार माणसं एका बंद खिडकीपुढं रांगेत उभी, कोणाचा नंबर आधी यावरून भांडणं, आणि खिडकीमागं कोणी आहे की नाही हेच कोणाला माहीत नाही. कच्ची होती, दोन जागी पोरं पाठांतर विसरली. पण मधला एक तुकडा असा रंगला की मागच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग परीक्षक बोलायला उठले. मोठ्या शहरातून आलेले. नाव लिहीत नाही. म्हणाले, "ग्रामीण भागातल्या मुलांनी आपल्या मातीतले विषय हाताळावेत. ॲब्सर्ड हा पोट भरलेल्या समाजाचा विषय आहे, इथल्या प्रेक्षकापर्यंत तो पोचत नाही." पोरं माना खाली घालून ऐकत होती.

मातीतले विषय म्हणजे कोणते हो सर? दुष्काळ, आत्महत्या, हुंडा. आम्ही जन्मभर तेवढंच करायचं, विचार करायचा मक्ता तुमच्याकडं.

आणि पोट भरलेला कोण? ॲब्सर्डचा विचार मांडणारा फ्रेंच लेखक काम्यू? त्याचा बाप तो वर्षाचा असताना पहिल्या महायुद्धात मेला. आईला ऐकू येत नव्हतं, लिहिता-वाचता येत नव्हतं. अल्जीयर्समध्ये लोकांच्या घरची धुणीभांडी, साफसफाई करून तिनं दोन पोरं वाढवली. तसली नाटकं लिहिणारा बेकेट? हिटलरविरुद्धच्या गुप्त गटात होता, 1942 मध्ये गट फुटला तसा पॅरिसमधून पळाला आणि दक्षिण फ्रान्समधल्या रूसियों नावाच्या खेड्यात दडून राहिला. तिथं शेतावर राबायचा, तेव्हा खायला मिळायचं. त्याच्या 'वेटिंग फॉर गोदो' या नाटकाच्या मूळ फ्रेंच संहितेत त्या गावाचं नाव येतं, तिथल्या द्राक्षतोडणीचा उल्लेख येतो. म्हणजे साहेब, ज्याचं तुम्ही पोट भरलेलं समजताय तो रोजगारी होता!

आता पोचण्याचं बघू. हा किस्सा जुन्या मित्रांनी शंभरदा ऐकलाय, आज परत ऐका.

आम्ही पोरं होतो तेव्हा गंगाखेडकडच्या एका गावात पारावर 'गोदो' केलं होतं. गोगो आणि दिदी हे दोघं झाडाखाली गोदोची वाट बघतात, तो येतच नाही, असं ते नाटक. रूपांतर आमच्यातल्याच एकाचं. नाटकात एक वठलेलं झाड लागतं, आणि पारावर तर पानांनी भरलेला कडुलिंब. मग पत्र्याच्या डब्यात माती भरून बोरीची काटकी रोवली. दुसऱ्या अंकात त्या झाडाला चार पानं फुटतात, म्हणून मध्यंतरात लोकांसमोरच वरच्या लिंबाची चार पानं तोडून दोऱ्यानं बांधली. बारकी पोरं खिदळत होती. गोगोचा बूट माझ्या वडिलांचा होता. मी दिदी. आणि निरोप घेऊन येणारा पोऱ्या आम्ही गावातलाच घेतला होता, पाचवीतला, शाळेचा सदरा घातलेला.

बघणाऱ्यांना काय कळत होतं देव जाणे. अर्धा पार पहिल्या अंकातच उठून गेला, हे मान्य. कीर्तनातूनही उठतात.

पहिल्या अंकाच्या शेवटी पोऱ्या येऊन सांगून गेला, गोदो आज येणार नाहीत, उद्या नक्की येतील. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पुन्हा आला, तोच निरोप. मी विचारलं, "काल तूच आला होतास ना?" पोऱ्या म्हणाला, "नाही." तसं समोर बसलेले एक आबा, पटकेवाले, काठी टेकून उभेच राहिले. "लबाड बोलायलाय त्यो! कालबी ह्योच आल्ता, म्या बगितलंय की!"

पोरगं घाबरलं. आबा बहुतेक त्याच्याच भावकीतले. माझ्याकडं न बघता आबांकडं बघत म्हणालं, "मला सांगितलं तसं सांगायलोय मी."

हे वाक्य संहितेत नव्हतं. मला पुढचं काही सुचेना. सगळा पार शांत.

सर, पोचत नाही म्हणता ना? 1957 मध्ये अमेरिकेतल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात 1400 कैद्यांपुढं हेच नाटक झालं, त्यांना बरोबर कळलं म्हणून जगभर लिहून आलं. मार्टिन एस्लिन या समीक्षकाचं ॲब्सर्ड नाटकावरचं पुस्तकच त्या प्रयोगापासून सुरू होतं. आमच्या आबांवर कोणी पुस्तक लिहिलं नाही, एवढाच फरक.

आणि ज्या मुलखात ज्ञानोबांचं आपेगाव, नाथांचं पैठण आहे तिथं असलं काही रुजत नाही म्हणता? ज्ञानोबांचं भारूड आठवा. काट्याच्या अणीवर तीन गावं वसतात, दोन ओसाड, एक वसेचिना. तिथं तीन कुंभार येतात, दोन थोटे, एकाला घडेचिना. आमच्या आज्या हे जात्यावर बसून म्हणायच्या, त्यांना कोणी 'आधी समजून घ्या' म्हणालं नाही. भारुडामागं परमार्थ असतो आणि इथं नुसती पोकळी, असं कोणी म्हणेल. म्हणा. गोदो कोण असं बेकेटला विचारलं तर तो म्हणाला, माहीत असतं तर नाटकातच सांगितलं असतं. सतीश आळेकरांनी 1974 ला 'महानिर्वाण' नाटकात मेलेल्या भाऊरावांना कीर्तनाला उभं केलं, तेही आमच्या मातीबाहेरचंच का?

इथवर लिहून थोडा शांत झालो. खरं तर जास्त लागलं ते नंतरचं. बाहेर टपरीवर चहा घेताना आमचाच एक मित्र माझी बाजू घ्यायला म्हणून बोलला, "अहो सर, मराठवाड्याचं जगणंच ॲब्सर्ड आहे! रेल्वेनं पाणी आणलंय आम्ही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. परीक्षकांनीसुद्धा.

मित्रा, तू वाचतोयस म्हणून लिहितो. तुझं बोलणं मला त्यांच्यापेक्षा जास्त झोंबलं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आलं, ती गाडी आकाशातून पडली नव्हती. मांजरा धरण आटेपर्यंत त्याच खोऱ्यात कोण किती ऊस लावत होतं, कोण गाळत होतं, हे तुलाही माहीत आहे. त्याला ॲब्सर्ड म्हटलं की सगळे सुटले. ग्रीक कथेतल्या सिसिफसला तोच दगड पुन्हा पुन्हा डोंगरावर ढकलायची शिक्षा देवांनी दिली होती. आपला माणूस खेटे घालतो तिथं टेबलामागं एक जण बसलेला असतो आणि त्याला पगार असतो.

हे काम्यूलाही कळत होतं. 1939 मध्ये तो वार्ताहर म्हणून अल्जीरियातल्या काबिलिया या डोंगरी भागात गेला, तिथली उपासमार बघितली. ॲब्सर्डवरचं त्याचं 'सिसिफस' हे पुस्तक तीन वर्षांनी छापून यायचं होतं, डोक्यात तेच विचार घोळत असणार. पण बातमीत त्यानं जगाच्या निरर्थकतेवर प्रवचन झोडलं नाही. मजुरी किती मिळते, धान्य किती वाटलं, किती जणांना पुरलं, ते लिहिलं.

म्हणून मला ते आबा पुन्हा पुन्हा आठवतात. आम्ही नाटकवाले भारावून म्हणत होतो की बघा, वाट बघणं, काळ, स्मृती, वगैरे. आबांनी त्यातलं काही घेतलं नाही. त्यांनी साक्ष दिली. निरोप खोटा आहे आणि निरोप्याला कोणीतरी पढवून पाठवलंय, हे ते भर पारावर उभं राहून बोलले, आणि पोरानं कबूलही केलं. मला वाटतं बेकेटनं ते ऐकलं असतं तर तोही हसला असता. की चिडला असता? संहितेत कानामात्रा बदललेला त्याला चालत नसे.

नाटक तेवढं ॲब्सर्ड राहू द्या, ते जोरात करा. गावाला ते लेबल लावू नका. दोन्ही एका दमात कसं म्हणतोस, असं विचाराल. म्हणतो.

बक्षीस त्या पोरांना नाहीच मिळालं. दिग्दर्शन करणारी मुलगी सामान टेम्पोत भरत होती, तिला म्हटलं खिडकीची चौकट मोडू नका, आमच्या गावच्या पारावर प्रयोग करू. ती म्हणाली, काका, लाईट जाते तिकडं. जाते. पेट्रोमॅक्स आहे माझ्याकडं, फक्त त्याच्या जाळीचं मेंटल आणायचंय.