गाडी ओढते, हा भास नव्हे : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. चारही टायर नवे घातले, अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन यंत्रावर मोजून जुळवणे, दोनदा केली, तरी माझी गाडी उजवीकडे ओढत राहिली आणि शेवटी पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी बसवल्यावर दोष सापडला, एवढेच मी लेखात लिहिले होते. त्यावर आपण लिहिता की, ही अदलाबदल म्हणजे निव्वळ तुक्का आहे. अलाइनमेंटच्या कागदावर सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत, असतील तर गाडी ओढणे हा रस्त्याचा उतार तरी असतो किंवा चालवणाऱ्याचा भास तरी. हवेचा दाब आधी सांगायला हवा होता. बाण असलेल्या, म्हणजे एकाच दिशेने फिरण्यासाठी बनवलेल्या, टायरचा आणि चिकटलेल्या ब्रेकचा उल्लेखच नाही. आणि सर्वांत शेवटी, ‘लेखकाने आयुष्यात कधी गाडीखाली डोके घातले आहे का?’

हवेचा मुद्दा मला मान्य आहे. ज्या बाजूच्या चाकात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते, त्यामुळे थंड टायरवर दाब मोजणे ही पहिली पायरी ठरते आणि मी ती शेवटच्या परिच्छेदात ढकलली. चूक माझीच, ती दाखवायला इतका खवचट सूर मात्र लागत नव्हता.

आता डोके घालण्याविषयी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझ्या वडिलांचे गॅरेज होते आणि शाळा सुटल्यावर माझी संध्याकाळ तिथेच जात असे. तेव्हा आमच्याकडे संगणकाचे यंत्र नव्हते. वडील गाडीच्या दोन्ही बाजूंना दोरी ताणून चाकांचा टो, म्हणजे चाकांची पुढची कड किती आत किंवा बाहेर वळली आहे ते, काढत आणि दोरीचे दुसरे टोक धरून मी उभा राहत असे. दोरी जरा सैल पडली की काय ऐकावे लागे, ते इथे लिहिण्यासारखे नाही. तेव्हा हा प्रश्न आपण दुसऱ्या कोणाला विचारला असतात तर बरे झाले असते.

‘भास’ हा शब्द मात्र मला खरोखर लागला. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात आणि पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्त्याला मध्यापासून कडेकडे साधारण 2 टक्के, म्हणजे मीटरमागे दोन सेंटिमीटर, उतार ठेवतात. म्हणून धडधाकट गाडीही स्टेअरिंग सैल सोडल्यावर हळूहळू डावीकडे सरकते, हे मलाही ठाऊक आहे. पण माझी गाडी उजवीकडे, दुभाजकाच्या दिशेने जात होती, आणि हे लेखाच्या दुसऱ्याच वाक्यात लिहिलेले आहे. उतार डावीकडे असताना गाडी चढाच्या दिशेने जाते, त्याला रस्ता कसा जबाबदार असेल, हे तुम्ही समजावून सांगावे. की लेख पुरता न वाचताच प्रतिक्रिया लिहिली?

हिरव्या आकड्यांचेही तसेच आहे. यंत्र चाकाचे कोन मोजते. टायरच्या पोटात काय आहे, हे त्याला दिसत नाही. टायर बनताना आतला तारांचा पट्टा मध्यापासून किंचित एका कडेला बसला, तर बाहेरून नवाकोरा दिसणारा तो टायर धावताना शंकूसारखा वागतो. शेंगदाण्यांचा कागदी पुडा रिकामा करून जमिनीवर आडवा लोटून पाहा. तो सरळ न जाता टोकाच्या बाजूला वळतो. असा टायर पुढच्या उजव्या चाकावर असताना माझी गाडी उजवीकडे जात होती. अदलाबदल करताच ती डावीकडे जाऊ लागली, आणि तोच टायर मागे टाकल्यावर सरळ धावली. दोष टायरबरोबर जागा बदलतो की गाडीतच राहतो, एवढे या चाचणीतून कळते. याला तुम्ही तुक्का म्हणता!

शिवाय दोन्ही बाजूंचे आकडे हिरव्या पट्ट्यात असले, तरी त्यांच्यातील फरक महत्त्वाचा असतो. कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते, त्याचा बाजूने पाहता मागे असलेला कल. डाव्या चाकाचा कॅस्टर मर्यादेच्या खालच्या टोकाला आणि उजव्याचा वरच्या टोकाला असेल, तर छपाई हिरवीच येते आणि गाडी मात्र कमी कॅस्टरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे ओढते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांचा फक्त टो जुळवता येतो. कॅम्बर (समोरून पाहता चाकाचे आत किंवा बाहेर झुकणे) आणि कॅस्टर कागदावर छापून येतात, पण त्यांना पाना लावायची सोयच नसते. पुढचा टो थोडा चुकला तर स्टेअरिंग वाकडे राहते आणि टायर झिजतो, पण गाडी एका बाजूला ओढण्याचे कारण सहसा तो नसतो. म्हणूनच तिसऱ्यांदा अलाइनमेंट करण्याचे पैसे मी वाचवले.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. बाण असलेले टायर रिमवरून उतरवून उलटे बसवल्याशिवाय दुसऱ्या बाजूला लावू नयेत, हे खरे; माझ्या टायरवर बाण नव्हते. ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा भाग, चिकटला तर त्या चाकाची रिम इतरांपेक्षा जास्त तापते. माझी तापत नव्हती, म्हणून लिहिले नाही.

आपली गाडी कोणत्या बाजूला ओढते, हे आपण कुठेच लिहिलेले नाही. अलाइनमेंटच्या कागदावरचे डाव्या-उजव्या कॅस्टरचे आणि कॅम्बरचे आकडे इथे लिहिलेत तर पाहून सांगेन. मात्र कृपया आकडेच लिहावेत, ‘सगळे हिरवे आहे’ एवढेच नव्हे.